एकटाच वाजवतोय

"मी कोनाकडे पाहून वाजवू जी? भिताकडे?"

बुवांनी कानावरचे हेडफोन काढून पोराच्या हातात दिले आणि ढोलक मांडीवरून खाली उतरवला. नागपूरहून लॅपटॉप घेऊन आलेला तो पोरगा गडबडला. त्याचं तसं काही चुकलं नव्हतं. मायक्रोफोन लावून झाल्यावर त्यानं आमच्या भजनी मंडळाला नीट समजावलं होतं की आधी फक्त ढोलक घेऊ, मग टाळ, मग खंजिरी, मग पेटी आणि आवाज सगळ्यात शेवटी. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. कोणी चुकलंच तर तेवढंच पुसायचं, बाकीच्यांना पुन्हा बसवायला नको. हल्ली सगळीकडे असंच करतात.

"करत असतीन सगळीकडं," बुवा म्हणाले. "पन गानारा अजून गायलाच नाही, तं मी साथ कोनाले देऊ?"

जामसांवलीतली शुक्रवारची रात्र होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे पिंपळाखाली आडव्या झालेल्या मारुतीच्या दर्शनाला पहाटेपासून रांग. गावात कुठे शांतता मिळणार नाही म्हणून आम्ही संत्र्याचं एक रिकामं गोदाम मागून घेतलं होतं. भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, कोपऱ्यात लाकडी पेट्यांची थप्पी होती आणि हंगाम संपून महिने झाले तरी सालीचा वास जात नव्हता. आमचं सौंसर आणि शेजारचं पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ला छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झालं. राज्य मध्य प्रदेश, पाट्या हिंदीत, भजन मराठीत. आमच्याकडे कोणाला याचं नवल वाटत नाही.

बुवांनी सत्तरी ओलांडली आहे. ते वाजवताना हाताकडे कधीच पाहत नाहीत, गाणाऱ्याच्या गळ्याकडे पाहतात. श्वास कुठे सुटणार, ओळ कुठे लांबणार, हे त्यांना तिथे दिसतं. तो गळाच समोर नसेल तर ते काय करणार? पोराच्या स्क्रीनवर मात्र रिकाम्या पट्ट्या एकाखाली एक मांडून तयार होत्या. दोघेही आपापल्या जागी बरोबर. चहा उकळत होता, म्हणून मी मध्ये पडलो.

"बुवा, चहा होईस्तोवर एक गोष्ट ऐका. रेकॉर्डिंग असं तुकड्यातुकड्यानं करतात हे एका वाजवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं काय केलं ते ऐका."

"कोन गावचा?"

"मुंबईचा. आजोळ बेळगाव."

त्रिलोक गुर्टू हे नाव आमच्या गोदामात कोणाला ठाऊक नव्हतं. आईचं नाव सांगितल्याबरोबर पेटीवाले सरसावून बसले. शोभा गुर्टू. ठुमरी-दादऱ्याचा तो भरदार, किंचित खरबरीत आवाज. मराठी प्रेक्षकाला 'सामना' आणि 'लाल माती'मुळे माहीत, हिंदीला 'पाकीजा'मुळे. माहेरच्या त्या भानुमती शिरोडकर, आई मेनकाबाई नर्तकी. लग्न होऊन गेल्या त्या गुर्टूंच्या घरीही सासरे नारायणनाथ सतार वाजवायचे. अशा घरात ३० ऑक्टोबर १९५१ला त्रिलोकचा जन्म झाला. पुढे शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबल्याची तालीम सुरू झाली.

ठुमरीच्या घरातला तबला हा वेगळा मामला असतो. बराच वेळ ठेका धरून गप्प बसायचं, गाणारीला भाव खुलवू द्यायचा, आणि शेवटी ती मुखड्यावर आली की लग्गी. तिथे तबलजीला मोकळं रान मिळतं, पण तेवढ्यापुरतंच. समेवर आला की पुन्हा ठेक्यात. हे पाहत आणि वाजवत वाढलेल्या पोराच्या कानावर त्याच शहरात दुसरंही काही पडत होतं.

तो जन्मला त्याच वर्षी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या संगीताचा 'अलबेला' सिनेमा आला होता. त्या संगीतामागे आल्डोन्याचा चिक चॉकलेट आणि त्याचा ट्रम्पेट होता. गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जाझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात बसायचे. मुंबईत १९५८ला डेव्ह ब्रूबेक येऊन गेला, १९६३ला ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ला लुई आर्मस्ट्राँग. बाकी भिस्त शॉर्टवेव्हवर आणि बाहेरून कोणी आणलेल्या रेकॉर्डवर. आयातीवर निर्बंध असल्यानं परदेशी रेकॉर्ड हातात पडणं हाच एक प्रसंग असे. पडली की ती झिजेस्तोवर ऐकायची.

रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला वादकांची नावं छापलेली असतात. गिटार: अमुक. बास: तमुक. ड्रम: एक नाव. आणि सुई टेकवली की ऐकू काय येतं? ड्रम तर आहेच, त्यावर आणखी काहीतरी खणखणतं आहे, खाली वेगळंच काही घुमतं आहे, आणि हे सगळं एकाच वेळी. पोरानं हिशेब केला. नाव एक आहे, म्हणजे माणूस एक आहे. म्हणजे हे सगळं एकटाच वाजवतोय!

त्याला जर तसं येतं, तर आपल्यालाही यायला हवं.

गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सवरच्या १९९५ सालच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात गुर्टूनं हे स्वतः सांगितलं. पाश्चात्त्य संगीत तो रेकॉर्ड ऐकून शिकला, आणि एका आवाजावर मागाहून दुसरा आवाज चढवता येतो याची त्याला कल्पनाच नव्हती. त्यामुळे बहुतेक वादक ज्याच्या वाटेला गेले नसते ते सगळे भाग तो एकट्यानं वाजवायला शिकला.

"म्हंजे फसला," टाळवाले म्हणाले.

फसला हे खरं. पण कोणी फसवलं याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

ड्रमसेट हे वाद्यच मुळात चारचौघांचं काम एकावर टाकण्यातून झालेलं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात असायचा आणि कडकडणारा लहान ड्रम दुसऱ्याच्या. मिरवणूक नाटकघरात शिरली, जागा अपुरी पडली, मालकाला दोन पगार जड वाटू लागले. मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवून तो पायानं वाजवायच्या खटपटी बऱ्याच जणांनी केल्या. १९०९मध्ये विल्यम लुडविगनं चपळ चालणाऱ्या पायटीचं पेटंट घेतलं आणि एका माणसाचे दोन हात, दोन पाय कामाला लागले. पगार वाचवण्यातून कला निघते हे आमच्या मंडळाला काही नवं नाही. टाळकरी आला नाही की बुवांच्या पायात घुंगरू बांधले जातात.

एका माणसाची हाव तिथे थांबली नाही. १८ एप्रिल १९४१ला सिडनी बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा सॅक्सोफोनवाला व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत एकटा गेला आणि 'द शेक ऑफ अरबी' या गाण्यात सहा वाद्यं स्वतःच वाजवून बाहेर आला. क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. तेव्हा टेप नव्हती. एक तबकडी कापायची, ती वाजवत ठेवून तिच्या सोबत दुसरं वाद्य वाजवायचं, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचं. दर फेरीला आधीचा आवाज थोडा मळका व्हायचा. वर्तमानपत्राच्या कात्रणाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, तसं.

मग आला लेस पॉल. गिटार वाजवणारा आणि त्याहून जास्त खटपट्या. हॉलीवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यानं तबकडी कापायचं यंत्र स्वतः जुळवलं, त्याला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील लावलं, आणि १९४८ला 'लव्हर' नावाची रेकॉर्ड काढली. तिच्यात गिटारचे आठ भाग होते, आठही त्याचेच, काही तर निम्म्या वेगानं वाजवून मग पळवलेले. पुढे टेप मशीन आलं तेव्हा त्यानं त्यात एक जास्तीचं हेड बसवून घेतलं. जुना आवाज आणि नवा आवाज त्याच फितीवर एकत्र व्हायचे. यात गोम अशी, की नवा चढला की जुना गेला. सातव्या थराला हात घसरला तर आधीचे सहाही पाण्यात. १९५७मध्ये अँपेक्स कंपनीनं त्याला आठ वेगवेगळे ट्रॅक देणारं यंत्र करून दिलं, तेव्हा कुठे ही टांगती तलवार गेली.

नागपूरचा पोरगा हे कान देऊन ऐकत होता. त्याच्या लॅपटॉपवर तेव्हा चोवीस पट्ट्या उघड्या होत्या आणि एकीतही अजून आवाज नव्हता.

त्याच जिमी हेन्ड्रिक्सची १९६७ला आलेली पहिली रेकॉर्ड लंडनमध्ये झाली ती चार ट्रॅकच्या मशीनवर. चार भरले की ते दाबून दोनांत बसवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा नवं चढवायचं. त्याचा ड्रमर मिच मिचेल जाझच्या नादातून आलेला, तिथल्या ड्रमर एल्विन जोन्सला मानणारा. त्या रेकॉर्डच्या नावाचंच जे शेवटचं गाणं आहे त्यात फीत उलटी फिरवून गिटार आणि ड्रम घेतले आहेत. म्हणजे ठोक्याचा घुमारा आधी येतो आणि ठोका नंतर. मुंबईच्या खोलीत बसून एखाद्यानं हेही माणसाच्या हातचं मानलं, तर तो काय काय करून पाहील याचा विचार केला की मला हसूही येतं आणि धास्तीही वाटते.

तर फसवणूक अशी होती. यंत्रानं आवाज एकावर एक रचले होते, आणि कानाला वाटत होतं की ते एकदम उमटले.

इथपर्यंतची गोष्ट यंत्राची. मला खरा शोध याच्यापुढे दिसतो. फसलेली पोरं जगात आणखीही असतील. चौघांचं वाजवणं एकट्यानं करायला बसलेल्या पोराचे हातपाय एकमेकांत अडकतात, तो महिनाभरात कंटाळतो आणि क्रिकेट खेळायला जातो. या पोराचं तसं का झालं नाही?

मी बुवांना म्हटलं, "धा वाजवा."

त्यांनी ढोलक पुन्हा ओढला आणि दोन्ही हात एकदम पडले. धा.

"किती आवाज झाले?"

"एकच. धा."

"उजव्या हाताचा कोणता?"

"ना." 

"आणि डाव्याचा?"

बुवा थबकले. डाव्या हातानं एकट्यानं वाजवून पाहिलं. गे. मग पुन्हा दोन्ही. धा. आयुष्यभर वाजवलेलं अक्षर त्यांनी आज फोडून पाहिलं असावं.

तबल्यावरही असंच. उजवीकडे किनारीवर ना, डग्ग्यावर गे, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या आवाजाला तिसरंच नाव. तिं आणि गे एकत्र आले की धिं. दोन थरांना एक अक्षर. लेस पॉलला जे करायला गॅरेज लागलं ते आमच्या बोलांत कधीचं होऊन बसलं आहे. शिवाय आपल्याकडे आधी हात शिकत नाही, तोंड शिकतं. पढंत करायची, बोल जिभेवर घोटायचे, आणि मग ते बोटांत उतरवायचे. चार माणसांचा ताल ऐकणारा पाश्चात्त्य ड्रमर बहुधा चार ओळी एकाखाली एक पाहतो. तबल्याच्या तालमीतला पोरगा तेच ऐकून एकच लांब ओळ बोलतो, ज्यात काही अक्षरं जोडाक्षरं आहेत. जोडाक्षर म्हणायला दोन जिभा लागत नाहीत.

हे माझं अनुमान, गुर्टूचं म्हणणं नव्हे. पण त्याला वाजवताना ऐकलं की ते पटतं. तो ड्रमवर असतानाही बोल म्हणतो, आणि ते दाखवण्यापुरते नसतात. हात पुढे काय करणार आहेत ते जीभ आधी सांगून मोकळी होते. खरं कळलं तोवर त्याचे हात शिकून बसले होते. शिकलेलं परत कसं करणार?

१९७०च्या दशकात तो युरोपात गेला. चार्ली मरियानो, टेर्ये रिपडाल आणि ट्रम्पेटवाला डॉन चेरी अशा लोकांबरोबर वाजवू लागला. त्याची बैठक पाहून लोक चक्रावत असणार, कारण ड्रमरच्या उंच स्टुलावर तो बसतच नव्हता. जमिनीवर गुडघे टेकून, भोवती ड्रम, झांजा, तबला, घंटा, शिंपले आणि एक पाण्याची बादली.

"बादली कायले?"

"झांज वाजवतो आणि वाजती झांज पाण्यात बुडवतो."

"पान्यात? झांज?" बुवांना हे अजिबात आवडलं नाही.

शब्दांत सांगून उपयोग नव्हता. गोदामाच्या दाराशी हात धुवायला बादली भरून ठेवली होती आणि सकाळच्या आरतीचा काशाचा तास पेटीवाल्यांनी सोबत आणलेला होता. मी तो दोरीनं धरला, लाकडी मोगरीनं एक टोल दिला आणि हळूच पाण्यात सोडला. कडा टेकली तशी टिणकार खाली ओघळली. जणू कोणी स्वराला हाताला धरून पायऱ्या उतरवत नेलं. निम्मा बुडाला तेव्हा तो वेगळाच तास झाला होता. वर उचलला तर स्वर पुन्हा चढू लागला. कारण साधं आहे: काशाला आता स्वतःबरोबर भोवतीचं पाणीही हलवावं लागतं. ओझं वाढलं की कंप मंदावतो आणि स्वर उतरतो. जलतरंगाच्या वाटीत पाणी घातलं की स्वर खाली येतो तो याच कारणानं.

ही युक्ती १९३०च्या दशकात अमेरिकन संगीतकार जॉन केजलाही सापडली होती. पाण्यातल्या नाचाला तो साथ करत होता, आणि पाण्याखाली डोकं गेलं की पोहणाऱ्यांना ताल ऐकू येईना. त्यानं घंटेची थाळीच पाण्यात उतरवली. तिथे गरज होती. गुर्टूची गरज निराळी असावी. तबल्याला स्वर असतो. शाईच्या त्या काळ्या चकतीमुळे कातड्याचे वेडेवाकडे कंप सुरेल मालिकेत बसतात हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२०मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. (हेच रामन १९१०ला सरकारी हिशेबाच्या नोकरीवर नागपुरात होते. इथल्या भजनी मंडळांकडे त्यांचे कान गेले असतील अशी एक आशा मी उगीच बाळगून आहे.) ड्रमसेटला असा स्वर नाही. मींड नाही. ज्याच्या घरात आई दिवसभर स्वर ओढते आणि वळवते, त्याला नुसता ठोका कोरडा वाटला असेल. त्यानं तो पाण्यात भिजवला.

१९८४च्या नोव्हेंबरात ऑरेगॉन या अमेरिकन चौकडीचा कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत रस्ता अपघातात गेला. वॉलकॉट अमेरिकन असून रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखांकडे तबला शिकलेला. त्या रिकाम्या जागेवर पुढे मुंबईचा गुर्टू बसला आणि ऑरेगॉनबरोबर त्यानं तीन रेकॉर्ड केल्या.

स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड मात्र १९८८ची, 'उस्फ्रेट'. जर्मनीतल्या झेर्काल या आडगावच्या सीएमपी स्टुडिओत झालेली. ड्रम, तबला, इतर तालवाद्यं या सगळ्यांपुढे एकच नाव, लहानपणी पाकिटावर वाचायचा तसं. सोबत डॉन चेरी, व्हायोलिनला एल. शंकर, गिटारला ऑरेगॉनचा राल्फ टाउनर, पियानोला दानिएल गोयोन, बासला योनास हेलबोर्ग. आणि गायला आई. पहिल्याच तुकड्याचं नाव 'शोभारॉक'. खाली ड्रम गरगरत असतो आणि त्यावर ठुमरीतला तो मुरलेला आवाज, जराही घाई न करता. साठीतल्या आईला मुलानं आपल्या ठिकाणी बोलावलं होतं, पण ऐकताना वाटतं की तो अजून तिच्याच बैठकीत मागे बसला आहे. म्होरक्या ड्रमर असला की कौतुक करून घ्यायची खुमखुमी दडत नाही. इथे गाणं सुरू झालं की तो ठेक्यावर येतो. लग्गीची वेळ त्याला ठाऊक आहे.

पण स्टुडिओतल्या रेकॉर्डवर भरवसा काय? थर चढवायची सोय आता त्यालाही होती. म्हणून माझ्या लेखी या गोष्टीचा निकाल लागतो तो २७ नोव्हेंबर १९८९ला, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये. समोर श्रोते. मंचावर तीनच माणसं: गिटार घेऊन जॉन मॅक्लॉफलिन, बासवर काय एकहार्ट आणि जमिनीवर गुडघे टेकून गुर्टू. त्या मैफलीच्या रेकॉर्डमध्ये 'पाशाज लव्ह' ही गुर्टूचीच रचना आहे. ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाकीट उलटून नावं मोजली. तीनच होती. पुन्हा मोजली. तालाच्या बाजूला निदान तिघं असावेत असं कान सांगत होता आणि पाकीट एकच म्हणत होतं. त्या क्षणी मी नेमका त्या पोराच्या जागी होतो, फरक इतकाच की या वेळी पाकिटावरचा हिशेब बरोबर होता. यंत्रानं जे खोटं केलं होतं, ते एकानं खरं करून दाखवलं होतं.

पुढचं सांगायला चहाचा एक घोट पुरे. 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्याला एकाहून जास्त वेळा सर्वोत्तम तालवादक ठरवलं. २००४मध्ये शोभाताई गेल्या. २०१३ला त्यानं ट्रम्पेटवाल्यांना सोबत घेऊन 'स्पेलबाउंड' काढली, ती डॉन चेरीच्या आठवणीत. २०१९च्या रेकॉर्डचं नाव 'गॉड इज अ ड्रमर'. सत्तरीतही तो चार-पाच जणांचा छोटा ताफा घेऊन वाजवतोच आहे.

"देव ढोलकवाला हाय म्हनते?" बुवांनी बशी खाली ठेवली. "मंग त्याचं आपलं जमते."

त्या रात्री आम्ही ट्रॅकचा नाद सोडला. पोरगा शहाणा होता, त्यानं हट्ट धरला नाही. एक मायक्रोफोन मधोमध, एक गाणाऱ्यापुढे, एक ढोलकाच्या डाव्या अंगाला. बुवा गाणाऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर, गळा नीट दिसेल असे. टाळवाल्यांना दोन पावलं मागे सरकवलं, कारण त्यांचा आवाज सगळ्यांवर चढत होता. ते थोडे नाराज झाले. पहिल्या खेपेला बाहेरून ट्रक गेला. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या कडव्यात टाळ एक मात्रा आधी पडला, पण बुवांनी पुढच्या ओळीत ढोलक असा काही दुमडला की ती चूक मुद्दाम केल्यासारखी वाटली. तीच खेप ठेवायचं ठरलं. ट्रॅक वेगळे असते तर तो टाळ पुसला गेला असता, आणि बुवांचा तो दुमडही सुचलाच नसता.

बारा वाजून गेले. गोधड्या उतरवायला घेतल्या तेव्हा पोरगा बुवांजवळ जाऊन बसला. "बुवा, आता झालंच आहे, तर एकदा गंमत म्हणून करून पाहा ना. तुमचाच ढोलक तुमच्या कानात लावतो. त्यावर तुम्ही दुसरा ढोलक वाजवा. एकटेच दोघं."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्यांनी हेडफोन चढवले, ढोलकाच्या कड्या सरकवून चढवल्या, आणि डोळे मिटले. पहिलं आवर्तन नुसतं ऐकलं. दुसऱ्याला हात पडला. छान जुळलं. कानातला ढोलक आम्हाला ऐकू येत नव्हता, बाहेरचाच येत होता, आणि तो एकटा ऐकायला जरा विचित्र वाटत होता, फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकावी तसा. पाच-सहा आवर्तनं झाली. मग बुवांनी एक तिहाई टाकली आणि थांबले. डोळे उघडून समोर पाहिलं, जिथे कोणीच नव्हतं. पुन्हा एक तिहाई टाकली, मोठ्यानं. वाट पाहिली.

शेवटी हेडफोन काढून त्यांनी पोराच्या मांडीवर ठेवले.

"हात चांगला हाय त्याचा," बुवा म्हणाले. "पन लेकाचा आयकतच नाही."